डावीकडे ओढणारं पाणी

आसेगावच्या जगदेवला एका जागी बसणं कधी जमलं नाही. काम असो वा नसो, दिवसातून दोनदा तो शेतात जाऊन यायचाच. हरभऱ्याच्या मळणीत त्याचा डावा पाय यंत्रात गेला आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला, तेव्हा गावाला वाटलं, आता हा माणूस बाजेवर बसेल. झालं उलटंच. जयपूर फूट बसवून घेतल्यापासून तो आधीपेक्षा जास्त चालू लागला. सकाळी बसस्टँड, दुपारी शेत, संध्याकाळी पुन्हा बसस्टँड. धोतर सोडून त्यानं पायजमा धरला, चपला सोडून बूट. नवख्या माणसाला काही कळायचंही नाही, आणि त्याला तेच हवं होतं. पाय काढायचा तो फक्त बायकोसमोर, सीताबाईसमोर, आणि तेही दिवा मालवल्यावर.

एक गोष्ट मात्र कायमची बंद झाली, ती म्हणजे विहिरीत उतरणं. गावातली निम्मी पोरं जगदेवनं पोहायला शिकवली होती, पाठीला रिकामी कॅन बांधून. त्याचा मुलगा शिवमही तसाच शिकला. अपघातानंतर जगदेव मोटार चालू करायला विहिरीवर जायचा, पण कठड्यापाशी थांबून खाली कधी पाहायचा नाही.

शिवम आता सिडनीत होता. कॉम्प्युटरचं काम, बायको राधिका, आणि नुकतीच झालेली मुलगी. बाळंतपणासाठी सीताबाई जाऊन आली आणि पोळ्याच्या आधी परतली. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला आणि शिवमनं बापाचं तिकीट काढलं. तूर आणि म्हैस सांभाळायला सीताबाई मागे राहिली. जगदेवला जायचं नव्हतं. पण नातीला पाहायचं होतं, म्हणून गेला.

पहिले काही दिवस नातीत गेले. मग त्याचं बसणं-उठणं अवघड होऊ लागलं. घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. तो पहाटे सवयीनं उठायचा आणि गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायचा. जमीन लाकडी होती. पायाचा ठक ठक आवाज खाली जायचा. एक दिवस खालच्या मजल्यावरची बाई वर आली. हसून, माफी मागून तिनं सांगितलं की पहाटे तिची झोप मोडते. त्या संध्याकाळी शिवमनं जाड सतरंजी आणून अंथरली आणि म्हणाला, बाबा, थोडा आराम करत जा. भेटेल तो जगदेवला हेच सांगायचा. आरामासाठी आलात, आराम करा. जगदेवनं चालणं बंद केलं. मग तो खिडकीशी बसू लागला, चौकटीला धरून, जसा काही कोणत्याही क्षणी उठून निघणार आहे.

हे राधिकाच्या ध्यानात आलं. ती कारंजाकडच्या धनजची, शेतकऱ्याची मुलगी. बाळासाठी सुट्टीवर घरीच होती. सासरे अर्धी पोळी टाकून उठतात, टीव्ही नुसता चालू ठेवतात, शेतातल्या मोटारीचं विचारायला सासूबाईंना दिवसातून चारदा फोन लावतात, हे ती बघत होती. तिचं स्वतःचंही एक अडलं होतं. बाळंतपणानंतर कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. सासूबाई होत्या तोवर ती सकाळी जायची. त्या गेल्यापासून बाळाला कोणी धरायला नव्हतं. एका सकाळी तिनं विचारलं, मामाजी, माझ्यासंगं चालता का? बाळाजवळ बसाल. जगदेवनं कुठं, कशाला, काही विचारलं नाही. बूट घातले आणि दारात जाऊन उभा राहिला.

बाळाची गाडी ढकलत ते एका मोठ्या बागेतून उतरले आणि पाण्यापाशी आले. समोर बंदर होतं. पलीकडच्या धक्क्याला आरमाराची करड्या रंगाची जहाजं लागलेली. आणि अलीकडे, अगदी काठाला, सिमेंटनं बांधलेला लांबच लांब हौद. त्यात पाणी समुद्राचंच, पलीकडून आत घेतलेलं. हिरवट, हलतं. तिकीट काढून कोणीही यावं असं ते ठिकाण होतं. म्हातारेकोतारे, कामावर जायच्या आधी आलेली माणसं, शाळेची पोरं. बाया आणि बाप्ये सगळे सारख्याच अपुऱ्या कपड्यांत.

जगदेवनं एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. बाळाची गाडी त्यानं जहाजांकडे तोंड करून लावली आणि स्वतः हौदाकडे पाठ करून बंदराच्या बाजूच्या बाकावर बसला. राधिकाला हायसं वाटलं. तिचा पोहायचा पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा होता, तरी तो ओला अंगाला चिकटायचा. धनजला ती सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर अंगावरची ओढणी सावरत मोठी झालेली. दोघांत एक शब्द झाला नाही, पण ठरून गेलं. ती कपडे बदलून पाण्यात जाणार, बाहेर येऊन पुन्हा कपडे बदलणार आणि समोर येऊन उभी राहणार. तोवर तो जहाजं पाहणार.

पण कान कसे फिरवायचे? पाठीमागे पाणी वाजत राहायचं. कोणी सूर मारला की जगदेवच्या खांद्यात काहीतरी हलायचं. तो बाळाची गाडी पुढं-मागं ढकलायचा, इतकी की झोपलेलं बाळ जागं व्हायचं. उठायचा, कठड्यापर्यंत जायचा, परत यायचा. आठवडाभरातच त्याला त्या जागेचा राग येऊ लागला. आणि तरी सकाळी राधिकाच्या आधी तोच बूट घालून तयार असायचा.

मग एक दिवस त्याच्या बाकावर एक गोरा म्हातारा येऊन बसला. उंच, वाळलेला, जगदेवपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. त्यानं पँट काढली. आत पोहायची चड्डी होती आणि एक पाय धातूच्या नळीचा होता. जगदेवनं गाडी हलवायची थांबवली. म्हाताऱ्यानं कुठली तरी कळ दाबली, पाय काढला आणि बुटासकट बाकावर उभा करून ठेवला. मग जगदेवकडे वळून काहीतरी बोलला. जगदेवला एक अक्षर कळलं नाही. त्यानं मान हलवली. म्हातारा हसला, कठड्याला धरून लंगडी घालत शिडीपर्यंत गेला आणि पाण्यात दिसेनासा झाला.

तेव्हा जगदेवच्या लक्षात आलं की त्याला राखण सांगितली होती. एका हाताला नातीची गाडी, दुसऱ्या हाताला परक्या माणसाचा पाय. तो पाय त्यानं डोळे भरून पाहिला. मोजा नीट वर ओढलेला होता. बुटाची नाडी दुहेरी गाठीची. ज्या माणसाचं नावही माहीत नाही, त्याच्यापाशी कोणी आपला पाय टाकून जातं? आपला पाय तर आपण शिवमलाही हातात घेऊ देत नाही. आणि मग, त्या बाकावर बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्यानं मागं वळून पाण्याकडे पाहिलं. म्हातारा दूरवर गेला होता. हात उचलत, टाकत, सावकाश. पाण्यात तो इतरांसारखाच दिसत होता.

त्या संध्याकाळी जगदेवनं सीताबाईला फोन लावला. तिकडे दुपार होती, ती शेतात होती. त्यानं तुरीचं विचारलं, मोटारीचं विचारलं, मग विहिरीत पाणी किती आहे ते विचारलं. सीताबाई म्हणाली,

"विहिरीचं काहून विचारून राह्यले? त्या विहिरीत तुमी इतक्या सालात वाकून पाह्यलं नाई."

त्यानं सहज म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर कापलेल्या पायाच्या टोकाला खाज सुटली. अपघातानंतरच्या महिन्यांत सुटायची तशीच.

म्हातारा पुढचे काही दिवस आला नाही. जगदेव प्रत्येक पावलाच्या आवाजाला मान वळवायचा. आला त्या दिवशी मात्र जगदेवनं आधीच बाकावर जागा करून ठेवली होती. म्हाताऱ्यानं पाय काढला, उभा केला, आणि जगदेवनं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आपला पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवला.

म्हातारा पाहत राहिला. मग वाकून जयपूर फूटच्या रबरी बोटांवर, बुटाच्या वरूनच, बोटानं टकटक केलं आणि मोठ्यानं हसला. पाण्याकडे हात केला. चल. जगदेवनं मान हलवली, नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा हात केला. जगदेवनं पुन्हा नाही म्हटलं, पण पायजमा खाली घ्यायचं तो विसरला. तेवढ्यात राधिका पाण्यातून बाहेर आली होती. तिनं सासऱ्याला तसं पाहिलं, चटकन टॉवेलकडे वळली आणि कपडे बदलायला निघून गेली.

घरी जाताना बागेतल्या चढावर ती गाडी ढकलत होती आणि जगदेव तिच्या एक पाऊल मागं होता. तिनं मागं न पाहताच विचारलं.

"मामाजी, तुमाले पाण्यात उतरायचं हाय का?"

जगदेव म्हणाला, "पोरी, मी तुयासमोर उघडा कसा होऊ?"

"मी रोज तुमच्यासमोरच उतरते."

"मी कवाच पाह्यलं नाई."

"मले मालूम हाय." राधिकानं गाडी थांबवली. "पण मले पाहा लागंल, मामाजी. तुमी बुडाले त बाहेर कोनं काढावं?"

चढ संपेपर्यंत त्यानं एवढंच म्हटलं की आपल्याजवळ चड्डी नाही. दुसऱ्या दिवशी राधिकानं गुडघ्यापर्यंत येणारी निळी चड्डी आणून त्याच्या पिशवीत ठेवली, हातात दिली नाही.

शिवमला तिनं रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. शिवम भडकला नाही, पण घाबरला. फरशी ओली असते, कापलेल्या जागेची कातडी नाजूक आहे, खारं पाणी लागेल, इथं दवाखान्याचा खर्च वेगळा. तो एकेक कारण सांगत गेला आणि जगदेव नातीला मांडीवर हलवत ऐकत राहिला. शेवटी शिवम म्हणाला, "बाबा, तुमी घसरून पडले त मी आईले काय सांगू?"

"सांगजो का बाप पोहून राह्यला होता म्हणून," जगदेव म्हणाला. "बसून राह्यला होता असं सांगण्यापरीस बरं."

शिवम उठून गॅलरीत गेला. त्यानं हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

पाण्यात उतरायच्या सकाळी जगदेवनं पाय काढून बाकावर ठेवला, पण उभा नाही, आडवा, आणि त्यावर टॉवेल टाकला. एकट्यानं लंगडी घालत जायची त्याची हिंमत झाली नाही. म्हातारा त्या दिवशी नव्हता. राधिकानं बाळाची गाडी पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या, रोजच्या ओळखीच्या पहारेकरणीकडे सोपवली आणि सासऱ्याचा दंड धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नमस्कार सोडला तर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. दोघंही समोर बघत शिडीपर्यंत गेले.

पाणी गार होतं. पहिला घोट तोंडात गेला आणि जगदेवनं तो थुंकला. मिठाची अशी चव त्यानं पाण्याला कधी पाहिली नव्हती. विहिरीचं पाणी काळं, मुकं, माणसाला आत घेणारं. हे पाणी त्याला वर ढकलत होतं. त्यानं शिडी सोडली आणि हात मारले. हात विसरले नव्हते. चार हात, पाच हात, आणि डोकं पोहण्याच्या रांगा आखणाऱ्या तरंगत्या दोरीला आपटलं. तो डावीकडे गेला होता. वळला, पुन्हा हात मारले, पुन्हा डावीकडे. उजवा पाय मारला की सगळं अंग डाव्या अंगाला फिरायचं, कारण तिकडून उलट मारायला काही नव्हतं. तिसऱ्यांदा तो एका बाईच्या अंगावर गेला. जगदेवचं तोंड लाल झालं. तो दोरीला धरून एका पायावर उभा राहिला. खारं पाणी कापलेल्या टोकाला चरचरत होतं. विहिरीत ज्यानं गावच्या पोरांना वाट दाखवली, त्याला आता सरळ जाता येत नव्हतं.

राधिका दोन हात अंतरावर पाण्यात उभी होती आणि सांगितल्याप्रमाणे पाहत होती. ती हसली नाही, धीरही दिला नाही. तिनं विचारलं, उद्या यायचं ना?

तो रोज जाऊ लागला. पण पूर्वीची बेचैनी गेली असं झालं नाही, ती उलट वाढली. आता ती दिवसभर पाण्याभोवती फिरायची. जेवताना तो डावा हात हवेत मारून पाहायचा. डाव्या हाताला जोर जास्त दिला तर? उजवा पाय कमी मारला तर? म्हातारा भेटला की दोघं पाण्यात शेजारी जायचे आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. म्हाताऱ्याचा उजवा गेलेला, त्यामुळे तो दुसरीकडे जायचा. दोघं एकमेकांपासून दूर दूर होत दोन बाजूंच्या दोऱ्यांना लागायचे. त्यावर म्हातारा पोट धरून हसायचा. जगदेवला हसू यायचं नाही. त्याला सरळ जायचं होतं.

हट्टापायी त्यानं कातडीकडे लक्ष दिलं नाही. ओल्या टोकावरच पाय चढवून तो चढ चढायचा. एक दिवस पाय बसेना. टोक सुजून लाल झालं होतं, एका ठिकाणी सालपट निघालं होतं. शिवम त्याला दवाखान्यात घेऊन गेला. बरं होईपर्यंत पाय लावायचा नाही आणि पाण्यात जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर शिवमनं बापाला खुर्चीत बसवलं, कुबड्या भिंतीला लावल्या, आणि मग स्वतःच खाली सतरंजीवर बसून रडला. मळणीच्या दिवशी तो पुण्यात होता. दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि बापानं त्याला चादर वर करू दिली नव्हती. आज डॉक्टरांसमोर त्यानं ते टोक पहिल्यांदा पाहिलं.

जगदेवनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "घे, पाहून घे आता. लपवून लपवून मीच थकलो."

शिवमनं मग जवळ जाऊन पाहिलं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तोच लावायचा.

जखम भरायला वेळ लागला. ते दिवस जगदेवला फार जड गेले. कुबड्यांवर गॅलरीत जायचं, परत यायचं. राधिका एकटी पोहायला जायची, बाळाला पाळण्यासारख्या झोळीत घेऊन. बाळ पहारेकरणीला ओळखू लागलं होतं. परत आली की जगदेव तिला पाण्याचं विचारायचा. आज लाट होती का? म्हातारा आला होता का? म्हातारा तिच्याजवळ जगदेवची चौकशी करायचा आणि त्याच्यासाठी दोन बोटांनी पोहण्याची खूण पाठवायचा.

परतीच्या आधीच्या रविवारी डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या दिवशी शिवमही आला. तो त्या हौदावर यापूर्वी कधी आला नव्हता. सुट्टीच्या दिवशी झोपायचा. त्यानं बापाला शिडीशी नेलं आणि मग, जगदेवला वाटलं वर उभा राहील, तर तोही पाण्यात उतरला. त्याचे हात अजून विहिरीचेच होते, डोकं वर ठेवून मारायचे. राधिकानं ते पाहून तोंड फिरवलं. तिला इथं नीट शिकवलेलं होतं, आणि नवऱ्याचं ते पोहणं पाहून हसू येत होतं.

जगदेव निघाला आणि नेहमीसारखा डावीकडे जाऊ लागला. शिवम त्याच्या डाव्या अंगाला होता. बापाचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. शिवम हलला नाही. तसाच लागून पोहत राहिला. पुन्हा ओढ लागली, पुन्हा खांदा लागला. बांधावरून बैल चालवताना एक बैल दुसऱ्याला वाट सोडू देत नाही, तसं काहीसं. मध्ये एकदा जगदेवला दम लागला. शिवमनं विचारलं थांबायचं का. जगदेवनं तोंडातलं पाणी थुंकून नाही म्हटलं. पलीकडच्या भिंतीला त्याचा हात लागला तेव्हा त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यानं भिंत दोनदा चाचपली. दोघं दम खात तिथं लटकून राहिले, आणि शिवमनं त्याला विचारलं की त्या काळी कॅन कधी सोडायची ते तुम्हाला कसं कळायचं. जगदेव म्हणाला, कळायचं नाही, सोडून पाहायची.

फेब्रुवारीत तो आसेगावला परतला. तूर निघून गेली होती, हरभरा घाटे धरून होता. पहिल्या दिवशी गावकरी भेटायला आले. जगदेवनं सिडनीचं फारसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर गेला आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी खोल होतं आणि पायऱ्या अर्ध्यावर ढासळलेल्या. तिथं उतरता येणार नाही हे त्याला कळलं. मग तो आपल्याच शेतातल्या शेततळ्यावर गेला. पाणी मुरू नये म्हणून तिथं अंथरलेलं प्लास्टिक गुळगुळीत असतं. धडधाकट माणूसही घसरला तर वर चढता येत नाही. तो काठानं फेऱ्या मारत राहिला. संध्याकाळी त्यानं सीताबाईला सांगितलं की आपल्याला शेततळ्यात पोहायचं आहे.

सीताबाई दोन दिवस नुसती भांडी आपटत राहिली. शिवमला फोन करून तिनं विचारलं, आणि शिवमनं जे सांगितलं ते जगदेवला कधी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती घरातला जाड नाडा, बैलगाडीचा दोर, खांद्यावर टाकून म्हणाली की मी काठावर बसेन, दोर तुमच्या कमरेला आणि टोक माझ्या हातात राहील, आणि मी ओढलं की यायचं, वाद घालायचा नाही.

देवानंद नावाच्या शेजाऱ्यानं काठावर लोखंडी खुंटी ठोकून दिली आणि टायरांची शिडी सोडली. जगदेवनं भर उन्हात, उघड्यावर, पाय काढून बांधावर ठेवला. दोन माणसं शेजारच्या शेतातून पाहत होती. त्यांनी पाहिलं. त्यानं पाहू दिलं.

गोड्या पाण्यानं त्याला तितकं उचललं नाही. जास्त हात मारावे लागले आणि तो डावीकडेच गेला. सीताबाईनं लगेच दोर ओढला. त्यानं काठावर येऊन सांगितलं की एवढ्यात ओढू नको. ती म्हणाली, मले काय माहीत तुमी पोहून राह्यले का बुडून राह्यले. त्यानं पुन्हा हात मारले. तिनं पुन्हा ओढलं. अर्धा दिवस दोघांचं भांडण चाललं. मग तिनं दोर मनगटाला एक वेढा देऊन सैल सोडला, आणि बांधावर मांडी घालून, डोळे बारीक करून, त्याच्याकडे पाहत बसली.